क्रमांक एकचा फॉर्म

आमच्या विभागप्रमुख बाईंना सगळे पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्या अठरा वर्षं मोजत होत्या. त्यांची पद्धत अशी: आठवड्याच्या आत माणसाकडून सगळी हकीकत पहिल्यापासून वदवून घ्यायची, तीही तीनदा. पुढे दरवर्षी मदतनीस मुलींनी समोर बसवून फॉर्म भरून घ्यायचा. ‘बरं आहे’वर खुणाच खुणा. या पद्धतीवर बाईंचं नाव झालं, आणि मी नोंदी ठेवता ठेवता म्हातारा झालो.

गेल्या वर्षी आमच्या दोन्ही मदतनीस मुली एकदम रजेवर गेल्या. मग मी फॉर्म टपालानं पाठवले. नाव नको, फक्त क्रमांक, आणि उत्तराचा लिफाफा मोजणीसाठी बाहेरच्या संस्थेकडे. तिथून भरलेले फॉर्म आणि आकडे आले. निम्म्याहून अधिक माणसं अजून दचकत होती, धड झोपत नव्हती. तुलनेसाठी ठेवलेली जी माणसं होती, ज्यांच्याकडून आम्ही हकीकत कधी वदवून घेतली नव्हती, ती त्यांच्यापेक्षा बरी होती. बाईंनी तीनदा बेरीज तपासली. मला तर आधीच कळायला हवं होतं. ज्या मुलीनं आपल्याला चहा पाजला, तिच्या तोंडावर ‘बरं नाही’ कोण म्हणेल? लोकांच्या भिडेपायी आम्ही अठरा वर्षं फसलो.

तरी क्रमांक एकनं लिफाफ्यातही ‘बरं आहे’च लिहिलं होतं. तो बाईंचा थोरला भाऊ, पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा, तिच्या अपघातातून वाचला आणि बाईंनी पहिली हकीकत त्याचीच वदवून घेतली; आता गोदामात बसतो. बाईंनी त्याला जेवणाच्या सुट्टीत कचेरीत बोलावलं. माझं टेबल शेजारीच.

बाईंनी आकडे त्याच्यापुढे ठेवले, आपली पद्धत चुकीची ठरली असं स्वतःच छापणार असल्याचं सांगितलं, आणि त्याचं खरं काय ते विचारलं.

“भोंगा ऐकला की पाय आखडतात अजून,” दादा म्हणाला. “तू परत परत सांगायला लावायचीस ना, तेव्हापासून जास्तच.”

“मग दरवर्षी बरं आहे म्हणून का लिहिलंस?”

“तू एवढी राबत होतीस. आपल्याच माणसानं खोडा घालायचा का? माझं एकट्याचं राहू दे की तसंच. तेवढं तरी तुझ्या बाजूनं.”

बाईंनी त्याचा फॉर्म आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. तो नुसता पेन धरून बसला. मला वाटलं, बाई आता पुढचा प्रश्न विचारतील. त्यांनी एकही विचारला नाही, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. सुट्टी संपता संपता त्यानं ‘बरं आहे’वरची खूण खोडली.