कर वाचवणारी सून

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी नंदुरबारच्या एका मिरचीच्या पेढीची भागीदार झाले. साठ सालानंतरची गोष्ट. वय एकोणीस, शिक्षण मॅट्रिक, आणि अक्कल किती ते पुढे कळेलच.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दाराआडून एक कागद आत सरकवला. "अठे सही कर, पोरी. आते तू मालकीण शे." मी सही केली आणि त्या दिवसापासून पोळ्या लाटतानाही मान ताठ ठेवू लागले. मालकीण कशासाठी केलं, हे मात्र मला ह्यांच्याकडून काढून घ्यावं लागलं. हे हायस्कुलात मास्तर होते, त्यामुळे समजावून सांगायची खोड होतीच.

आयकर जिन्यासारखा चढतो. सगळा नफा एकट्या मामंजींचा धरला, तर वरच्या पायऱ्यांवर जबर कर बसे. तोच नफा मामंजी, थोरले दीर आणि मी अशा तिघांत वाटला की तिघंही खालच्या पायऱ्यांवर बसून राहत. नवरा-बायको एकाच पेढीत असले तर सरकार दोघांचा हिस्सा एकत्र मोजी, म्हणून मास्तरांना वगळून माझी निवड झाली. थोडक्यात, मी हुशार होते म्हणून नव्हे, तर मास्तराची बायको होते म्हणून. अडचण एकच होती. आयकर साहेब कॅम्पला आले की भागीदारांना बोलावून तपासत. मी खरी भागीदार आहे हे त्यांना पटलं नाही, तर सगळा नफा पुन्हा मामंजींच्या माथी.

म्हणून मला तयारीसाठी पथारीवर पाठवलं. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ओली मिरची वाळत घालत, ती पथारी. नजर जाईल तिथवर लाल. देठ खुडणाऱ्या बाया फडक्यांनी नाक-तोंड बांधून बसलेल्या. त्यांतल्या एका म्हातारीनं मला शिकवलं. मिरची कानाशी हलवायची, बी खुळखुळलं तर वाळली. देठाशी काळी पडली असेल तर बाजूला काढायची. चार दिवसांत मी इतकी शहाणी झाले की तिलाच शिकवायला निघाले. वर्तमानपत्र वाचत असे ना मी.

"मावशी, कर श्रीमंतांना असतो," मी म्हटलं. "तुमच्याकडून सरकार एक पैसा घेत नाही."

तिनं कमरेची काडीपेटी काढली, तिच्यावरची सरकारी कागदी पट्टी नखानं फाडली आणि बिडी पेटवली. "मंग हाई पट्टी कोनी शे? दुकानदार म्हनस, पट्टीना पैसा सरकारले जास."

"तेवढाच."

"शेठबी येवढीच पट्टी फाडस ना, बाई?"

बाकीच्या बाया फडक्याआड हसल्या. मला ठसका लागला. मिरचीनं लागला, असं मी त्या वेळी सांगितलं.

साहेब डाक बंगल्यात बसले होते. मी डोक्यावर पदर घेऊन गेले आणि त्यांनी विचारायच्या आधीच सुरू झाले. ओल्या मिरचीचं वजन किती घटतं, ढग आले तर काय करायचं, बी कसं वाजतं. मामंजींनी सोबत आणलेले वकील खुशीत मान डोलवत होते. मामंजींच्या चेहऱ्यावर मी प्रथमच माझ्याबद्दल अभिमान पाहिला. तो फार टिकला नाही.

"छान," साहेब म्हणाले. "आणि गेल्या वर्षीच्या नफ्यातल्या तुमच्या हिश्शाचं काय केलंत?"

"अजून दिला नाही मामंजींनी," मी म्हटलं. वर चहाडी केल्यासारखं, "मागितला तर रागावतील."

साहेबांनी हसू दाबलं. भागीदाराचा हिस्सा भागीदाराच्या हातात हवा, तो गेल्याचा पुरावा पुढच्या तारखेला आणा, एवढंच म्हणाले.

टांग्यात बसल्यावर मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुले खरं बोलाले कोनी सांगेल व्हतं?"

पण पैसे द्यावे लागले. माझ्या नावाचं बँकेत खातं उघडलं, भागीदारी मान्य झाली. आणि आज गरिबांच्या बाजूनं बोलणाऱ्या मी त्या पैशांतून पहिल्यांदा काय घेतलं? बांगड्या. सोन्याच्या. माझा हिस्सा इतका बेतानं ठरवला होता की त्यावर कर जवळजवळ शून्य. म्हातारी मात्र दर पेटीला पट्टी फाडत होती. कर श्रीमंतांवर होता हे खोटं नाही. पण श्रीमंताला एकाचे तीन होता येत होतं. देठ खुडणारीला ती सोय कुणी दिली होती? हे मी आजही कुठल्याही वकिलापुढे म्हणेन.

भागीदारीची नोंद मात्र दरवर्षी नव्यानं करावी लागे, आणि त्यावर माझी सही लागे. पुढच्या वर्षी कागद दाराआडून आत आला. मी तो तसाच बाहेर सरकवला.

"देठ खुडणाऱ्या बायांना टोपलीमागे दोन पैसे वाढवा, मामंजी. मग करते."

"पेढी मन्ही शे."

"साहेबांसमोर तुम्हीच तिघांची म्हणालात. पुन्हा विचारून येऊ का?"

दाराआड ह्यांना खोकला आला. मामंजींनी एक पैसा कबूल केला, मी सही केली, आणि हिवाळाभर स्वतःवर खूश राहिले. हंगामाच्या शेवटी पथारीवर गेले तेव्हा म्हातारी शांतपणे म्हणाली, "दर वाढना, बाई. टोपलीबी वाढनी."

बघितलं तर खरंच. नव्या टोपल्या जुन्यांपेक्षा चांगल्या वीतभर उंच. हंगामभर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी कागद आला तेव्हा मी म्हातारीला घरी बोलावलं. ती एक जुनी आणि एक नवी टोपली घेऊन ओसरीवर बसली. मामंजी दोन्हींकडे बघत राहिले. मग त्यांनी गड्याला हाक मारून पथारीवरच्या सगळ्या नव्या टोपल्या घरच्या कांद्यांसाठी ठेवायला सांगितल्या, आणि मी पेन मागितलं.