सत्काराचा नारळ

काल आमच्या गावात, सीमेवर उजवा हात गमावलेल्या जवानाचा सत्कार झाला. अध्यक्षांनी त्याच्या डाव्या हातात नारळ दिला, त्यावर पुष्पगुच्छ रेटला आणि स्मृतिचिन्ह पुढे करून कॅमेऱ्याकडे बघत दात काढले. “दोन्ही हातांनी धरा, साहेब,” फोटोग्राफर जवानाला म्हणाला.

एके काळी उपचार म्हणून जखमेवर उकळतं तेल ओतत, आणि माणूस रणांगणातच मरे. मग कुणी रक्त थोपवायला शिकलं, कुणी गोळीबारात स्ट्रेचर उचललं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या खटपटीतून हा माणूस जिवंत आमच्यापर्यंत पोचला, आणि आम्हाला त्याच्याकडे एकदा नीट बघताही आलं नाही.

त्याने नारळ, गुच्छ सगळं अध्यक्षांच्या हातात दिलं. म्हणाला, “तुम्हीच धरा. तुमचे दोन्ही आहेत.”