नावावर अडलेली कादंबरी

नातींनो, तुमच्यापैकी एकीने पत्रात लिहिलं आहे की कादंबरीची सुरुवात जोरकस कशी करावी हे तिला कॉलेजात शिकवतात. शिकवोत. मला तशी सुरुवात कोणी न शिकवता सापडली होती आणि तिच्यामुळेच माझी कादंबरी झाली नाही. राग अजून गेलेला नाही, म्हणून क्रमाने सांगते.

स्वातंत्र्याच्या आधीचा काळ. मी धुळ्याला मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकून, लग्न होऊन अमळनेरला आलेली. पुण्याच्या एका मासिकाने नव्या कादंबऱ्यांची पहिली प्रकरणं मागवली होती. पसंत पडेल ती ते क्रमशः छापणार होते. मला ते फार हवं होतं.

माझं पहिलं वाक्य असं होतं: दिवेलागणीला आई दारात येऊन मुलाला नावाने हाक मारते आणि कुठूनच ओ येत नाही. मुलगा शाळा सोडून कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला पळालेला असतो.

घरातून टपालात जाणारा प्रत्येक कागद सासूबाईंना वाचून दाखवण्याची आमच्याकडे रीत होती. त्यांना लिहिता-वाचता येत नसे, पण कान तिखट. दुपारी त्या वाती वळत असताना मी वाचायला घेतलं. पहिल्याच वाक्यात मुलाचं नाव आलं आणि त्यांचा हात थांबला.

"कोन्हं नाव लिधं तू?"

"कादंबरीतल्या मुलाचं, अक्का."

"तुन्हा मोठा जेठनं शे ते!"

सुनेने सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, हे मी पाळत होतेच. कादंबरीतलं नावही त्यात धरतील असं वाटलं नव्हतं. मी नाव बदललं. ते चुलत सासऱ्यांचं निघालं. पुढचं सोनगीरच्या मामेसासऱ्यांचं, त्याच्या पुढचं नशिराबादच्या कुणा वारलेल्या आजेसासऱ्यांचं. मला खाडाखोड सहन होत नाही, त्यामुळे दर वेळी सगळं प्रकरण पुन्हा उतरवून काढायचं. बोटं दुखत आणि त्याहून डोकं.

तुमचे आजोबा जेवता जेवता म्हणाले, "इंग्रजी नाव ठेव. इंग्रज काही तुझे दीर-सासरे लागत नाहीत."

"म्हणजे अमळनेरच्या जिनात जॉन सरकी उचलणार?"

"पगार तरी बरा मिळेल त्याला."

मला हसू आलं नाही. नाव गाळून नुसतं 'अरे ए' लिहून पाहिलं. पण तशा हाकेला गल्लीतली सगळी पोरं ओ देतात. वाक्याचा जीवच गेला.

शेवटी तोडगा सासूबाईंनीच काढला. "एखादी पोरनं नाव ठेव ना. बाईनं नाव कोन इचारस? लगीनमा बदली जास."

त्या सहज बोलल्या. मला लागलं. पण मुदत जवळ आली होती, म्हणून मी मुलाची मुलगी केली. बाकी काहीही न बदलता तेवढं वाक्य वाचलं.

सासूबाईंनी कापूस बाजूला ठेवला. मुलगा दिवेलागणीला घरी नसेल तर तो कुठेतरी उंडारत असतो. मुलगी नसेल तर सगळी गल्ली कंदील घेऊन बाहेर पडते.

"मंग? कोठे गयी ती?"

मला माहीत नव्हतं. पुढची सगळी पानं मुलाची होती. ती मुलगी त्याच्यासारखी जिनात पोत्यांवर झोपू शकत नव्हती. तिला विहिरीत ढकलायची माझी इच्छा नव्हती. कोणाबरोबर गेली असं लिहिलं असतं तर कागद घराबाहेर पडला नसता. इतकी इंग्रजी पुस्तकं वाचली होती, पण एका मुलीला त्या दारातून कुठे न्यावं हे मला सुचेना. मी कागदासमोर बसून राही आणि उठे.

मुदत टळली. मासिकात छापून आली ती कादंबरी नदीकाठच्या सूर्यास्ताने सुरू होत होती. मी अंक फेकून दिला.

सासूबाईंचं मात्र काही अडलं नाही. त्या शेजारणींना ती गोष्ट सांगू लागल्या. त्यांची मुलगी कधी मामाकडे जाई, कधी साध्वी होई, एकदा तर आगगाडीत बसून थेट भुसावळला गेली. बायका उठायचं नाव घेत नसत. आत बसून मी दातओठ खात असे. एका दुपारी त्यांनी सुरुवातही बदलली आणि आईला भर उन्हात दारात उभं केलं.

"दिवेलागण, अक्का!" मी आतून ओरडले. "दिवेलागण आहे ती!"

"तू तुन्हं लिव्ह ना," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गोष्ट पुढे चालू केली.