शिट्टी झाल्यावर

गोणपाट जळल्याचा वास आला की ती सकाळ आठवते. आमच्या डोंगरावरची बॉक्साइटची खाण बंद पडली होती आणि तिथं दगड फोडणाऱ्या आम्हा बायकांना मधमाश्या पाळायला शिकवायला कोल्हापूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी गोणपाटाचा धूर दिला, पेटीचं झाकण काढलं आणि पांगलेल्या बायकांना जवळ बोलवायला गळ्यातली शिट्टी फुंकली. खाणीत सुरुंग उडायच्या आधी अशीच शिट्टी व्हायची. एकदा पळायला उशीर झालेल्या एकीला आम्ही झोळीत घालून खाली नेलं होतं. बाईंची शिट्टी ऐकताच मिळेल त्या दगडाआड आम्ही पालथ्या पडलो, डोकी हातांनी झाकली. बाई एकट्याच उघड्यावर, भोवती माश्या घोंगावत होत्या. "आडव्या व्हा की बाई, मरताय का," मी ओरडले, तशा त्याही धाडकन पडल्या. आता दगड बरसणार म्हणून मी श्वास धरून राहिले. शेजारची म्हातारी मातीत तोंड खुपसून पुटपुटली, "खाण बंद हाय की गं." "व्हय," मी म्हणाले. उठलं मात्र कुणीच नाही. आता त्याच डोंगरावर माझ्या पेट्या आहेत. माशी चावली तरी मी हलत नाही. खाली शाळेत कवायतीची शिट्टी झाली, की मात्र अजून आधी दगड शोधते.