टेक्निकलच्या बाई आणि माझं ‘हं’

जगात सरळ अशी एकही वस्तू नाही, या गोष्टीवर आमच्या शाळेतल्या टेक्निकलच्या बाईंची जेवढी श्रद्धा होती तेवढी लोकांची देवावरही नसेल. भिंत असो, बाक असो, मुख्याध्यापकांची खुर्ची असो की पाहुण्यांच्या स्वागताची कमान, बाई दोन पावलं मागे सरत, एक डोळा मिटत आणि सांगत, "दोन सूत उजवीकडे गेली हे." आणि ती गेलेली असायचीच. आमची शाळा दारव्हा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे. आठवी ते दहावीला तिथे टेक्निकल नावाचा एक विषय असतो, म्हणजे अभियांत्रिकीची तोंडओळख, थोडी फळ्यावर आणि थोडी कार्यशाळेत. बाईंचे वडील नेरला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यामुळे त्या स्वतःच्या शब्दांत सांगायचं तर "ग्रीसमधे न्हाऊन" मोठ्या झालेल्या. आम्ही बाकीच्या सगळ्या मॅडम. मी इंग्रजीची मॅडम. त्या मात्र बाईच, कारण मॅडम म्हटलं की आपल्याला टाचेच्या चपला घातल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा किंवा पावडरची डबी कधी सापडली नाही. व्हर्निअर मात्र असे, केसाएवढा फरक दाखवणारं ते स्टीलचं माप. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा नव्या बांगड्या दाखवत होते, तर बाईंनी कौतुक करायच्या आधी व्हर्निअर काढलं आणि दोन्ही बांगड्या मोजल्या. एक दुसरीपेक्षा किंचित जाड निघाली. बांगड्या मी अजून घालते, पण कुठली जाड हे काही विसरता येत नाही. दारव्ह्याहून आम्ही दोघी एकाच एसटीने शाळेत जात असू. बाई खिडकीशी न बसता ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत आणि डोळे मिटून इंजिन ऐकत. एकदा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, तिसरा गिअर रडून राह्यला." तो चिडला आणि बाईमाणसाने आपलं तिकीट सांभाळावं, असं काहीतरी पुटपुटला. चारच दिवसांनी तीच गाडी शेतांच्या मधोमध बसली. आम्ही सगळे बाभळीच्या सावलीत बसून ड्रायव्हरला नावं ठेवत होतो, आणि बाई पदर खोचून मेकॅनिकसाठी बॅटरी धरून उभ्या. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांनी काढले नाहीत. पुढे तो ड्रायव्हर त्यांच्यासाठी जागा राखायला लागला आणि डॉक्टरला विचारावं तसं अदबीनं विचारायला लागला, आज आवाज कसा वाटते म्हणून.

वर्गात त्यांचा कायदा एकच होता: आधी कागद, मंग लोखंड. आकृती काढून, मापं लिहून, हे असं काहून होते ते तोंडानं सांगितल्याशिवाय कोणाला कानसही हातात मिळत नसे. तरफ शिकवायची म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत वजनदार पोराला मोठ्या पेटीवर बसवायचं आणि सगळ्यांत किरकोळ पोरीकडून पहारीनं ती पेटी उचलून घ्यायची. पोरगा वर, पोरगी हसून बेजार, आणि बाई शांतपणे फळ्यावर टेकू, बल आणि भार यांची नावं लिहीत. नंतर घरचा अभ्यास. घरात कोणाची कंबर दुखते आणि कशानं दुखते, ते पाहून या. मुलं याद्या घेऊन आली. सगळ्यांत जास्त कंबरा पऱ्हाटीनं धरल्या होत्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली झाडं उपटण्यानं. मग नववीच्या मुलांनी ती उपटायचा चिमटा करायला घेतला. एक लांब दांडा, खाली दातेरी जबडा आणि मध्ये टेकू. पहिला चिमटा घसरला. दुसऱ्याचा जबडा वाकला. तिसऱ्यानं झाड उपटलं, पण ओढणाऱ्या पोरालाही नाल्यात पाडलं. हे मोडके नमुने बाईंनी शाळेच्या काचेच्या कपाटात मांडले आणि तिथले करंडक पोत्यात भरून खाली ठेवले. प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी. एक मला अजून पाठ आहे: "जबडा वाकला. कारण, पट्टी पातळ घेतली. पट्टी निवडली बाईनं." पाहुणे आले की मुख्याध्यापक त्या कपाटासमोर पाठ करून उभे राहत.

आता सांगायचं ते सांगते. हिवाळ्याचे दिवस होते, चौथा चिमटा चालू होता. बाईंना कसल्याशा कागदांसाठी ऑफिसात बोलावलं आणि माझा तास मोकळा होता. दहा मिनिटं कार्यशाळेत बसता का, असं त्यांनी विचारलं. कानस चालू द्या, पण ड्रिल मशीनला कोणी हात लावायचा नाही, हे त्यांनी दारातून वळून दोनदा सांगितलं. मी बसले. माझ्या भाचीचा साखरपुडा तोंडावर आला होता आणि मोबाइलवर घरच्या ग्रुपमध्ये साड्यांचे फोटो येत होते. मोरपंखी की राणी, यावर सगळ्या बायकांची मतं चालली होती. चिमट्याच्या गटाची म्होरकी प्रणाली नावाची मुलगी होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, पट्टीले भोक पाडायचं राह्यलं. ड्रिल लावू का?" मी मान वर न करता "हं" म्हटलं. ते ‘हं’ तिला होतं की मोरपंखी रंगाला, हे मला त्या क्षणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

पट्टी घट्ट आवळलेली नव्हती. ती ड्रिलबरोबर गरकन फिरली आणि प्रणालीचा तळवा फाटला. माझ्या हातून फोन पडला, पण मी जागची हलले नाही. आवाज ऐकून बाई व्हरांड्यातून धावत आल्या, बटण बंद केलं, पोरीचा हात उंच धरला, स्वतःच्या पदरानं बांधला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी प्रणालीचे वडील आणि काका शाळेत आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, वर्गावर कोण होतं. पांढरी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून प्रणाली म्हणाली, की तिनं कोणालाच विचारलं नव्हतं, आपल्या मनानं मशीन लावलं. चौदा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती. मग बाई म्हणाल्या, "वर्ग माया होता. मी सोडून गेलती. चूक मायी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी हजेरीपट कवटाळून दाराशी उभी होते. जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळेल असं मुख्याध्यापकांनी सुचवलेलं होतं. काहीतरी बोललं पाहिजे असं मला वाटलं. मी बोलले. मी म्हटलं, "मुलीला पाणी आणू का?"

बाईंना लेखी समज मिळाली आणि कार्यशाळेला कुलूप लागलं. पण त्यांनी प्रात्यक्षिक सोडलं नाही. मुलांना वर्गात रांगेनं उभं करून, हातात फूटपट्टी देऊन, डावा पाय पुढे, कोपर अंगाशी, अशी हवेतच कानस चालवायला शिकवलं. चाळीस पोरं हवा घासतायत आणि बाई मधून फिरत एकेकाचं कोपर सुतात आणतायत. बघणाऱ्यांना हसू येई. मी तो वर्ग टाळून पाण्याच्या टाकीमागून वळसा घालून जाऊ लागले. प्रणालीला टाळणं मात्र शक्य नव्हतं, ती माझ्या इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर असे. तिला उत्तरं येत. ती हात वर करी, तळव्यावरचा व्रण दिसे, आणि मी दुसऱ्या कोणाला तरी उठवत असे.

मार्चमध्ये एकदा एसटीत माझ्यानं राहवलं नाही. मी बाईंना सगळं सांगितलं, साड्यांच्या रंगांसकट. त्या म्हणाल्या, "पोरीनं मले त्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांच्यावर रागावल्यासारखंच विचारलं.

"तुमची वाट पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "आन् मले सांगून काय होते, मॅडम? कुलूप मी नाही लावलं. ज्यायनं लावलं त्यायले सांगा."

त्याच रात्री मी पत्र लिहिलं. ते एप्रिलभर आणि मेभर माझ्या पर्समध्ये राहिलं. जूनमध्ये पर्यवेक्षकपदाचा आदेश हातात पडला, आणि जुलैत मी ते पत्र मुख्याध्यापकांना दिलं. हा क्रम मी कुणालाच सांगितलेला नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, की झालं ते झालं, आता उकरून काय काढायचं. तोवर बाईंनी संस्थेच्या उमरखेडच्या शाळेत बदली मागून घेतली होती. तिथली कार्यशाळा चालू होती. निघायच्या दिवशी बाई कार्यशाळेचं कुलूप तेवढ्यापुरतं उघडून घेऊन शिपायाला ड्रिल मशीनला तेल कुठे घालायचं ते दाखवत होत्या. मी जवळ जाऊन सांगितलं, की मी पत्र दिलं. "बरं केलं," त्या म्हणाल्या. फार उशीर केला असं म्हणाल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आमचं कुलूप निघालं. पत्रानं निघालं की नव्या तपासणीनं, कोण जाणे. आता आठवड्यातून दोन दिवस एक सर येतात आणि मुलं लोखंडाला हात लावतात.

गेल्या महिन्यात प्रणाली पेढे घेऊन शाळेत आली. यवतमाळला तिला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. तिनं बाईंचा नंबर मागितला, मी दिला. तिथेच माझ्या टेबलाजवळ उभं राहून तिनं फोन लावला. बाई पलीकडून कॉलेजची कार्यशाळा किती मोठी, यंत्रं किती, उजेड कुठून येतो, हे विचारत होत्या, ते मला अर्धवट ऐकू येत होतं. प्रणाली हसत होती, सांगत होती, आणि सांगता सांगता ती एकदम म्हणाली, "बाई, मॅडमशी बोलता?" आणि मी नको म्हणायच्या आत तिनं फोन माझ्या हातात दिला.

इतक्या दिवसांत मनाशी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती मी.

"काय म्हणता, मॅडम," बाईंनीच विचारलं, नेहमीसारख्या आवाजात. "जेवण झालं का?"

"हो, झालं," मी म्हटलं. सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि माझा डबा अजून पिशवीतच होता.