तुटक रेघ

गावच्या देवळातल्या वंशावळीचं कोणी कौतुक केलं की मी विषय बदलतो. इतकी वर्षं हेच करत आलो. ती वंशावळ मी मस्कतमध्ये बसून काढली आणि तिच्यातली एक रेघ जाणूनबुजून चुकीची ओढली. आता देऊळ नवीन बांधलंय. वंशावळीचा मोठा फलक करायचा म्हणून गावाहून मूळ कागद मागितलाय. जुनाच पाठवला तर तीच रेघ पुन्हा भिंतीवर चढेल. म्हणून हे लिहितो आहे.

मी मस्कतच्या रुवी भागात एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होतो. आमचा साहेब इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. एक चर्च, एक बंद पडलेली पाणचक्की आणि भोवती शेतं, एवढंच त्याचं गाव. पण त्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी होत्या. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं कोणाशी लग्न लागलं, कोणाला कुठे पुरलं. सुट्टीवरून येताना साहेब त्यांच्या नकला घेऊन येई आणि गावातल्या घराण्यांचा वृक्ष मांडत बसे. त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे, म्हणून ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचं काम माझ्याकडे आलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं बोर्डावर वाकलेले असायचो.

एका ठिकाणी शेतावर राबणारी एक मुलगी होती. तिच्या मुलाच्या नोंदीत बापाची जागा कोरी होती.

"ही रेघ तुटक काढू का?" मी विचारलं.

"का?"

"लग्नाचं नाही ना ते."

साहेब म्हणाला, "तुटक रेघ आपल्या अंदाजासाठी. जे ठाऊक आहे त्याला अखंड रेघ. हे मूल होतं, ते ठाऊक आहे. आईकडून रेघ आण." मग चष्मा पुसत म्हणाला, "आणि जरा नीट काढ. ते माझे खापरपणजोबा आहेत."

रत्नागिरीकडच्या आमच्या गावची बरीच माणसं तेव्हा मस्कतला होती. एसीवाले, सुतार, ड्रायव्हर. शुक्रवारी माझ्या खोलीवर जमायची. साहेबाचं काम पाहून त्यांनीच टूम काढली की आपल्या गावचंही असं काढू. आमच्याकडे चर्चची दप्तरं कुठली? मग जो सुट्टीवर जाईल तो गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून येऊ लागला आणि आमच्या खोलीत पणजोबांवरून भांडणं होऊ लागली.

त्यांच्यात एकजण दूरच्या खाबुऱ्याहून, मस्कतबाहेरच्या गावातून, यायचा. तिथे एका अर्बाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, बागेत तो पंप आणि मोटारी सांभाळायचा. त्याची आजी तरुणपणी विधवा झालेली. तिने माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाशी पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं. गावातले काहीजण म्हणत, पाट लागलाच नाही, बाई नुसती येऊन राहिली. त्यामुळे शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरे, पण त्यांच्या दारात टेकत नसे. त्याची आई दरवर्षी अंगण सारवून, ओटीचं ताट घेऊन उभी राही आणि आमच्या अंगणातले ढोल ऐकून आत जाई.

"भाऊ, एकदा तुमच्या कागदावर आमचं घर लागलं ना, की गावकीला बोलायला तोंड नाय उरायचं," तो म्हणे. "आयेच्या दारात पालकी टेकली की झालं. तिला दुसरं काय नको."

"तुझी आई पालखी खांद्यावर घेऊन नाचेल मग," कोणीतरी चिडवी.

"नाचेल पन. गुडघं धरून नाचेल."

पाट लागला होता. माझे वडील तेव्हा लहान होते, पण ते तिथे हजर होते. गूळखोबरं वाटलं होतं आणि आपल्या वाट्याचं खोबरं चुलतभावाने पळवलं, हे ते म्हातारपणीही सांगत. म्हणजे मला अंदाज नव्हता, ठाऊक होतं.

कागद पुरा होत आला तेव्हा गावाहून चुलत्यांचा फोन आला. आमच्या वाडीत शेवटचं मानाचं घर आमचं. म्हणून पालखीचा रात्रीचा मुक्काम आमच्या अंगणात. खाबुऱ्याच्या त्या माणसाचं घर आमच्याही पुढे, वहाळाजवळ, ओढ्याकाठी.

"त्यांना आपल्यात घेतलंस की शेवटचं घर त्यांचं," चुलते म्हणाले. "मुक्काम तिकडे जाणार. तुझ्या आजाने सांभाळलेला मान तू मस्कतात बसून वाटून टाक, आम्ही बघतो."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो मुक्काम आमच्याच अंगणात हवा होता. त्या घरापर्यंत मी तुटक रेघ नेली. घर वगळलं नाही म्हणून मनाची समजूत घातली.

पुढच्या शुक्रवारी त्याने कागद पाहिला. आपल्या बापाच्या नावावरून बोट फिरवलं आणि वर आजोबांपाशी थांबला.

"ह्या रेघंला तुकडं का ओ?"

"जागा कमी पडली रे. दाटी झाली की ड्रॉइंगमध्ये अशीच काढतात."

"असंल, असंल. आपन मोटरवाले." आणि सोबत आणलेली बागेतली लिंबं त्याने सगळ्यांना वाटली.

कागद देवळात लागला. गावकी बसली तेव्हा चुलत्यांनी तुटक रेघेवर बोट ठेवून सांगितलं, तुटक म्हणजे खात्री नाही, आणि हे मस्कतच्या शिकलेल्या माणसाने काढलंय. तोवर त्या घराचा निदान वाद तरी चालू होता. माझ्या रेघेने तो निकालात काढला. त्यानंतर काही शिमगे गेले आणि त्याची आई वारली. पालखी शेवटपर्यंत तिच्या दारात टेकली नाही.

पुढे मी निवृत्त झालो, मस्कतमध्येच वादी अदाईला मुलाकडे राहायला आलो. खाबुऱ्याचा तो माणूस कायमचा गावी निघाल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्यांदाच त्याच्या बागेत गेलो. काखेत नव्याने काढलेला कागद होता, अखंड रेघेचा. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्याने सुरमईचं कालवण केलं, मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली चटईवर बसला.

"ह्या सुरळीत काय आनलंव?"

"काही नाही. मुलाचं काम आहे."

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, गावकीनं काय केलं ते केलं. पन तुमी आमचं नाव लावलंत. मी आयेला सांगितलं, कागदात आपलं घर हाय. ती देवळात जाऊन हात लावून आली. वाचता कुठं येत होतं तिला. तुमचे उपकार हायत."

मी सुरळी काखेत मारली आणि उठलो. तो मला हमरस्त्यापर्यंत सोडायला आला, टॅक्सी थांबवली, ड्रायव्हरशी हिंदीत हुज्जत घालून मला पुढची सीट मिळवून दिली. "काय बोलायचं व्हतं का?" त्याने खिडकीतून विचारलं. मी नाही म्हटलं. त्याच पावसाळ्यात तो गावी गेला, आणि दिवाळीआधी तो वारल्याची बातमी आली.

नवा कागद मी आज गावी पाठवतो आहे. पाट लागला होता, माझ्या वडिलांनी तो पाहिला होता. वाडीतलं शेवटचं घर वहाळाजवळचं. यंदापासून पालखीचा मुक्काम तिथे व्हावा, आमच्या घराची हरकत नाही, असं मी सही करून कळवलं आहे. हे गावकीसाठी. त्याच्यासाठी जे टॅक्सीत बसताना तोंडाशी आलं होतं, ते असं:

कागदावर जागा भरपूर होती. रेघ मी तोडली. तुझ्या आईच्या दारातून पालखी मी मागे फिरवली. तू माझा भाऊबंद आहेस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला माफ कर, भावा.