डब्यातला कोरडा कागद

"भाऊजी, तुमचे दोस्त गेले." सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढत होतो. 'मान सरळ' म्हणालो, बटण दाबलं, आणि मग खाली बसलो. विलासला जाऊन आता दीड महिना झाला...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो तो म्हणत होता, विलासभाऊ समाधानी माणूस. मला उठून ओरडावंसं वाटलं, की त्याची एकच इच्छा होती आणि तीही मी पुरी होऊ दिली नाही. उठलो नाही. चहा पिऊन घरी आलो.

विलास नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होता. कापसाच्या गाड्यांची वजनं करण्यात त्याचा जन्म गेला. पन्नाशीत कुणाबरोबर तरी मालवणला गेला, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरला. परत आला तो वेडा होऊनच. वहिनींच्या पाठीला बसचा लांबचा प्रवास सोसत नाही. समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही. "मले पान्यात चालनारा साधा कॅमेरा सांग बे," तो म्हणाला, "सुनंदाले मासे दाखवाचे हायेत, बस."

नवख्याला काय लागतं? मुळातच पाणी न शिरणारा, दोन बटणांचा छोटा कॅमेरा. दुकानात त्याने तोच उचलला होता. पण मी पडलो फोटोग्राफर! पाण्याखाली लाल रंग नाहीसा होतो, या खेळण्यात सगळं निळंच दिसेल, असं बरंच ज्ञान पाजळून मी त्याला मोठा कॅमेरा आणि त्यावर बसवायचा जाड पारदर्शक डबा घ्यायला लावला. "मले काय स्पर्धेत पाठवाचे हायेत फोटो?" असं एकदा पुटपुटला, आणि माझं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा.

डब्याच्या झाकणाला रबराचं कडं असतं. त्यावर केस जरी राहिला तरी पाणी आत येतं. म्हणून आधी रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवून तो पाण्यात बुडवायचा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. विलासने हे सगळं नेमाने केलं होतं. पुन्हा मालवणला निघायच्या दिवशी मी जिनिंगमध्ये गेलो, आणि काट्यावरच्या लोकांसमोर मिरवायला डबा उघडला. हवेत रुई उडत होती. चारचौघांना कॅमेरा दाखवला आणि झाकण खटकन लावून दिलं. मी लावलंय म्हटल्यावर त्याने पुन्हा तपासलं नाही.

मालवणहून आला तेव्हा कॅमेरा मेलेला. एकही फोटो नाही. रबराला चिकटलेला रुईचा तंतू मी पाहिला, त्यानेही पाहिला. "माह्याच हातची असन," तो म्हणाला, "जिनिंगवाल्याच्या अंगची रुई जाते काय कधी?" त्याच डब्यात बसेल असा दुसरा कॅमेरा शोधून देतो, एवढंच मी म्हणालो. पुढे वर्षभर दर भेटीत त्याने विचारलं, "भेटला काय?" आणि दर वेळी मी म्हणालो, "पाहून राह्यलो." पाहत नव्हतो. सवड नव्हती... नाही, हेही खोटं. त्या डब्याकडे पाहायची लाज वाटत होती. मग एका सकाळी काट्यावरच त्याचं हृदय थांबलं.

परवा रविवारी वहिनींकडे गेलो. एकदाचं सांगून टाकलं, की झाकण मी लावलं होतं.

"हाव, माहीत हाये मले," त्या म्हणाल्या. "त्यायनं तवाच सांगतलं होतं. म्हने, त्याले बोलू नको, वाईट वाटन त्याले."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोरीतल्या बादलीत तो डबा बुडवून ठेवलेला होता, वर दगड. विलास दर रविवारी ठेवायचा. आता त्या ठेवतात. त्यांनी तो पदराने पुसून माझ्या हातात दिला. मी उघडला. आतला कागद ठणठणीत कोरडा होता. तो पुन्हा आत ठेवला, रबराच्या कड्यावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग झाकण लावलं.